हळू म्हणजे काय

उदगीरच्या मोंढ्यामागं माझं दुकान.
पंखे, मिक्सर, बोअरच्या जळालेल्या मोटारी.
दुपारभर सरकीच्या पोत्यांचा वास.
भिंतीवर एकच फोटो: आम्ही सात जण,
मागं चार पंख्यांचं मालवाहू विमान,
पुढं उकिडवी बसलेली त्यांची पोरं,
बाह्या दुमडलेल्या, कारण ओव्हरऑल आमच्या मापाचे.

सल्लागार पथक, असं कागदावर होतं.
सल्ला द्यायचा. लढायचं नाही.
त्यांच्या राजधानीपासून तीन तासांवर तळ,
धावपट्टीवर बकऱ्या,
रोज सकाळी जीप पुढं जायची हॉर्न वाजवत.
मी फ्लाइट इंजिनिअर. दोन पायलटांच्या मधल्या
घडीच्या पाटावर बसणारा.
माझं इंग्रजी देगलूर रोडवरचं,
त्यांचं फ्रेंच पाद्र्यांच्या शाळेतलं,
आणि दुभाषा विमान लागून ओकत बसलेला.

मग हात उरला, आवाज उरला.
थ्रॉटल झटक्यात ओढणाऱ्या पोराच्या मनगटावर
मी हात ठेवायचो, तोंडातून निघायचं:
हळू. हळू रे लेकरा.
माय चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवताना
स्वतःलाच म्हणायची, त्या आवाजात.

बुबाकर सगळ्यात आडमुठा.
चौदा वेळा आपटलं त्यानं विमान, दोन टायर खाल्ले.
पंधराव्यांदा टेकवलं ते असं
की मागं बांधलेली कोंबडीसुद्धा ओरडली नाही.
(कोंबडी का होती, ते वेगळं.)
खाली उतरून विचारलं, मिस्यू बिरादार,
हळू म्हणजे काय?
मी म्हटलं, चांगलं लँडिंग.
खोटंच. पण शब्दकोश कुठून आणणार?

बावीस वर्षांनी परवा त्याच्या पोरीचा व्हिडिओ आला.
तीही आता उडवते. कॉकपिट तेच,
रंग उडालेलं, मधल्या पाटाला नवं रेक्झिन,
आणि कुणीतरी म्हणतंय, आलू, आलू.
'ह' त्यांच्या जिभेवर बसतच नाही.
इलियास हातातली पकड ठेवून हसला,
काका, ह्ये बटाटे इकायलेत का तिकडं?
मीही हसलो. डोळे भरले तेही खरं.

मग व्हिडिओ पुढं सरकला.
मागचा दरवाजा उघडला, काहीतरी घरंगळत गेलं बाहेर,
खाली खूप लांब मातीचा रंग बदलला.
गोण्या असतील. त्यांच्याकडं पूर येतो दरवर्षी.
पिंपं असतील तर?
पाच वेळा पाहिला. चष्मा पुसून पाहिला.
आलू, आलू, किती मायेनं म्हणतोय तो.

रात्री लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं:
बेटा, ते धान्य होतं ना?

सकाळी उत्तर आलं. नुसता अंगठा.
आमच्या तळावर अंगठ्याचा अर्थ होता
इंजिन चालू करा.