रंग न धरणाऱ्या

यीस्ट तहसीनच्या चुलत्याच्या बेकरीतलं,
पावाच्या कागदात बांधून आणलेलं, चमचाभर.
तणनाशक इरण्णामामांनी आणलं
होटगी रोडच्या कृषी सेवा केंद्रातून,
लहानात लहान बाटली.
दुकानदारानं विचारलं, किती एकर?
मामा म्हणाले, सहा चंबू.

पहिल्या चंबूत नुसती साखर, पाणी, क्षार.
दुसऱ्यापासून थेंब वाढवत नेले,
सहाव्यात इतके
की बांधावरची हरळीसुद्धा मान टाकेल.

एप्रिल. बाहेर बेचाळीस, इनक्युबेटरमध्ये तीस.
म्हणजे त्या दिवशी अख्ख्या सोलापुरात
आमच्यापेक्षा पेशींचं बरं चाललं होतं.
दर दोन तासांनी मोजणी होती,
आम्ही दर अर्ध्या तासानं दार उघडायचो
आणि तोंड आत घालून उभ्या राहायचो.

मोजायचा तो गढूळपणा.
जितकं गढूळ तितकी वाढ.
हे मला आवडलं. आमच्या गल्लीलाही लागू पडतं.

संध्याकाळी पहिला चंबू ताकासारखा.
चौथा सकाळी होता तसाच, आरपार.
त्यातून पलीकडची खिडकी दिसायची
आणि खिडकीत, उलटी, बंद गिरणीची चिमणी.

मी वहीत लिहिलं: मेल्या.
मॅडमनी खोडलं.
थांबल्या, लिही. मेल्या म्हणायला पुरावा लागतो.

पुरावा म्हणजे निळा रंग.
काचपट्टीवर एक थेंब, वर पातळ काच.
जिवंत पेशी रंग आत येऊ देते
आणि आतल्या आत फिका करून टाकते.
मेलेली निळी होते.
तिच्यात नाही म्हणणारं कुणी उरलेलं नसतं.

माझे नायना, अंबादास येमूल,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या रंगखात्यात,
सव्वीस वर्षं.
कोपरापर्यंत निळे.
भात कालवताना शीत पांढरं, बोटं निळी,
लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांची असतात.

मी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला.
काय झालं, तहसीन म्हणाली.
काही नाही. घाम.

पुन्हा मोजलं. चौथा चंबू, शंभर पेशी:
सात निळ्या.
त्र्याण्णव बिनरंगाच्या,
गोल, उपाशी, जाग्या,
एकीलाही अंकुर नाही.

मॅडम फळ्याकडे गेल्या.
हे औषध कुणाला जाळत नाही, म्हणाल्या,
झाडाच्या स्वयंपाकघरातली एक वाट बंद करतं,
तीन जिनसा बनायच्या थांबतात, मग प्रथिनं थांबतात, मग झाड.
यीस्टचा गवताशी संबंध नाही,
पण वाट तीच.
आपल्यात ही वाटच नाही.
त्या तिन्ही आपण ताटातून घेतो.

मामा टेबल पुसता पुसता म्हणाले,
मग त्यांना थोडी शेंगाचटणी घालू का?

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.
कपाटातून तीन छोट्या बाटल्या काढल्या,
चिमूट चिमूट पांढरी पूड,
चौथ्या चंबूत.

रात्री घरी नायना मोरीत हात धुत होते.
साबण, मग लिंबाची साल, मग राखुंडी.
मी मागं उभी.
काय बघतीस?
पाणी.
पाणी निळसर जात होतं, फार नाही,
हात होते तसेच.
निळी ती मेलेली, हा नियम
मी वहीत लिहिला होता, सुवाच्य, खाली रेघ मारून.
घरी सांगितला नाही.

सकाळी चौथ्या चंबूतून
खिडकी दिसेना.

सहावा मात्र तसाच. त्यालाही चिमूट घातली,
दोन दिवस वाट बघितली.
निळ्या एकाहत्तर.
काही वेळा जेवण उशिरा पोचतं.

उरलेलं तणनाशक मामांनी कुलपात ठेवलं.
प्रयोगशाळेमागं गाजरगवत माजलंय कमरेएवढं,
वापरून टाका की, शिपाई म्हणाला.
मामांनी बाही वर केली,
वाकले,
आणि मुळासकट उपटायला लागले.