मोहीम सातवी, वास्को

कॅलेंडरच्या पाठीवर बंदर आखलंय,
काजूबिया म्हणजे आमची भाडोत्री तुकडी.
मोबदला चाळीस हजार डॉलर, कागदावर.
खिडकीच्या गजांवर मुरगावचा कोळसा.

सुलक्षा कुंपण कापते. फासा: अठरा.
"फाटकावर एक पहारेकरी," मी सांगतो, "जीव सहा."
रेमेजियोची पाळी.
तो फासा उचलतच नाही.
एडनच्या आखातात तीन वर्षं
जहाजावर पगारी बंदूक घेऊन उभा होता तो,
त्यावर कधी बोलत नाही.

"त्याची पाळी कधी सुटते?"
माझ्या वहीत हे नाही.
"सहाला," मी ठोकून देतो.
"मग थांबूया,"
आणि आपली बी
बशीच्या सावलीत सरकवतो.

खेळात रात्रीचे तीन.
आम्ही चौघं
सहा वाजायची वाट बघत बसतो.