सतरा बाजार

मी मोजायचे बारा आठवडे,
पोनिरा मोजायची बाजार.
दर पाचव्या दिवशी पोन येतो आमच्याकडे;
पोनलाच जन्मली, म्हणून नावही तेच.
सतरा पोन झाले की माझ्या दारात हजर,
पाठीवर टोपली, टोपलीत काढ्याच्या आठ बाटल्या,
हळद-चिंच, तांदूळ-कचोरा.
एखादा दिवस इकडेतिकडे व्हायचा.
कार्डावर मी तो सोडून द्यायचे.

कुपी हलवली की आत पांढरं उसळायचं.
"सुईणबाई, दूधच का हे?"
मी म्हणायचे, कंबर सैल सोड.

तिसऱ्या बाळंतपणानंतर धरलेली सुई
एक्कावन्नाव्या वर्षी सुटली.
नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नाही.
पाळी पहिल्याच वर्षी थांबली होती;
खरी कधी गेली, ते तिला कळलं नाही,
मलाही नाही.

परवा बाजाराच्या पायरीवर मनगट मोडलं.
"पडले कुठे? नुसता हात टेकला."
सोलोच्या इस्पितळात पोरसवदा डॉक्टर
पडद्यावरच्या कंबरेकडे बघत म्हणाला, चाळण झालीय.
मी विचारलं. विचारायला नको होतं.
"सुईनं थोडी झिजतात. सोडली की भरतात, बहुतेक.
पण मागोमाग वयही आलं ना.
कुणी किती खाल्लं, कसं सांगू?"

बहुतेक.
बसमध्ये हा शब्द मांडीवर घेऊन बसले.
तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणावं,
तर एका वर्षी जिल्ह्याहून कागद आला होता:
दोन वर्षांपुढे द्यायची तर विचार करून द्या.
मी तिला विचारलं होतं.
ती म्हणाली, "चौथं पोर कुठे बांधू?
पाठीवर तर बाटल्या आहेत."

हाडांची काडं करून तिघं शिकवली,
असं गाव कौतुकानं म्हणायचं.

आज पोन.
गळ्यात प्लास्टर अडकवून ती दारात.
एका हातानं पाठीशी शेला बांधता येत नाही.
मी टोपली उचलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आणि लगेच खाली ठेवली.
"निम्म्या बाटल्या राहू दे. मी विकते."
ती हसली. "आणि हाक मारता येते का तुम्हाला?"

गल्लीच्या तोंडाशी जाऊन,
कुणी नाही बघून,
मी हळूच एकदा मारून पाहिली.