निंबाचं कपाट

डोमाजीनं फळीवर बोटाचं पेर वाजवलं,
कान लावला.
"हे हळदू. दिसाले गोरं,
पण पाणी लागलं का फुगून बसते
नव्या नवरीवाणी."

सागवानाचं नाव निघालं तेव्हा
यांचा खिशातला हात खिशातच राहिला.
डेपोत लिलाव, लिलावाची पावती,
आणि पावतीवाचून आणलं
तर रात्री दारात बूट वाजतात.

धाकटा दीर ब्रह्मपुरीहून पुस्तक घेऊन आला,
चकचकीत. पानापानावर लाकडाचे फोटो,
सोबत नमुन्याचा एक तुकडा.
वरून अक्रोड, आतून भुसा आणि डिंक.
"वहिनी, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालते."
डोमाजीनं तुकड्याचा कोपरा नखानं उकरला.
बोलला नाही काही. नख दाखवलं फक्त.

शिवण हलकी, ढोलकीला बरी.
बाभळीत खिळा शिरत नाही, आंब्यात भुंगा शिरतो.
बीजाच्या पेल्यातलं रातचं पाणी
मामंजी रोज सकाळी पीत, साखर उतरावी म्हणून.
ते खाटेवरूनच म्हणाले,
"बीजाचं कराल तं चहाही फिक्का होईन."
मोहाचं नाव कोणी घेतलं नाही.

राहिला अंगणातला निंब.
तीन वर्षांखाली वादळात पडलेला,
एक पावसाळा बोडीत बुडवून ठेवलेला,
मग गोठ्याआड, कोंबड्यांच्या हवाली.

"निंब? सैपाकखोलीत?" जाऊ म्हणाली.
शेजारची रंभा म्हणाली, पीठ कडू होईन,
गूळ कडू होईन, माणसं तं आहेतच.
"उधई नाही लागणार," डोमाजी म्हणाला.
"उधईले चव कळते."

सगळे झाडांवरून भांडत होते
तेव्हा त्यानं मला भिंतीशी उभं केलं.
हात वर करा. टाचा नका उचलू,
रोज जशा उभ्या राहता तशाच राहा.
कानामागची पेन्सिल काढून
मधल्या बोटाच्या शेंड्याशी रेघ ओढली.

बावीस वर्षं मी पाटावर चढून
हळदीचा डबा काढत आले.
माझा हात कुठवर पोचतो
हे या घरात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, निंबच करा.

कापताना एका गाठीत खिळा निघाला,
कोणीतरी कधीतरी
झोक्याची दोरी बांधायला ठोकलेला.
करवतीचे दोन दात गेले,
ते डोमाजीनं मजुरीत धरले.

चैतात कपाट उभं राहिलं.
पिवळट, मधून तांबूस शीर,
डावं दार जरा कुरकुरतं.
रंभा येते, दार उघडते, हुंगते, लावते.

आठव्या दिवशी, घरी कोणी नसताना,
मी गुळाचा खडा जिभेवर ठेवला.
गोड.
मग मागून, पार मागून,
काहीतरी आलं.

कोणाला बोलले नाही.
अजून एक खडा तोडला.