घसारा

निखाडे सकाळी अंबाझरीच्या पाळीवर भेटतात,
रोजच्यासारखे, कानटोपी घालून, ढिल्या चालीने.
आज मधेच थांबून म्हणाले,
"काय जी, सहजच विचारतो,
माझ्या घराचे आज किती येतील?"

मला माहीत आहे.
शेवटच्या रुपयापर्यंत, अंकी आणि अक्षरी,
शिक्क्यासह, तीन प्रतींत.

मागच्या मंगळवारी ते उमरेडला लग्नाला गेले तेव्हा
त्रिमूर्तीनगरच्या त्या घरात मी हिंडलो,
लेझरचा लाल ठिपका भिंतीभिंतीवर टेकवत.
मंदाताईंनी फाटक उघडलं
आणि लगेच लावूनही घेतलं.
आखीव पत्रिकेवर नावं दोघांची,
फीची पावती एकाच नावाची.

बेडरूम दोन, मी लिहिलं.
दोन खोल्या, दोन कुलर,
एकात नवी खस, एकात गेल्या उन्हाळ्याची.
याला अहवालात रकाना नाही.
बांधकामाचं वय एकवीस,
उरलेलं आयुष्य एकोणचाळीस,
घसारा नियमाप्रमाणे.
"चहा?" त्यांनी विचारलं.
नको म्हणालो.
धुतलेले दोन कप ओट्यावर दिसले असते.

"बाजारावर आहे," मी निखाड्यांना म्हणालो,
"रस्ता, दिशा, घेणारा कोण..."
त्यांनी समाधानाने मान हलवली.
"विकायचं थोडीच आहे बाप्पा,
आत्ताच तर गच्चीवर पत्रे टाकले."
पत्रे मी मोजलेत.
दोनशे दहा चौरस फूट, विनामंजुरी,
मूल्य शून्य धरलं.

रविवारी धरमपेठेत वैरागडे असतो, आमच्याच धंद्यातला.
पोह्यावर तर्री पडायच्या आत
त्याचा प्रश्न ठरलेला: "वहिनी कशा आहेत?"
तीन रविवार झाले, विचारलं नाही.
मिहानचे भाव, रेडी रेकनर,
कोणाची तरी बदली.

परवा माझ्याच दारावरची पाटी पुसत होतो.
उत्तरेच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला,
पेन्सिलची एक बारीक रेघ.
लेझर आला तरी आम्ही मारतो अशी,
कोपरा नव्वद अंशात नसला की.
कोपरा नाहीच नव्वद अंशात. गवंड्याशी तेव्हा भांडलो होतो.

रेघ पुसली नाही.
आत जाऊन हिला म्हणालो, भाजी काय आणू.

उद्या रविवार.
मी विचारणार नाही.
आणि आपणहून सांगितलंच वैरागड्याने,
तर वाईट वाटेल मला.
शिकाऊ असताना तो माझ्याच हाताखाली होता.