बाहेर पडल्याची वेळ

मोलेच्या फाटकाचा अडसर सात महिन्यांनी उचलला
तर तो कुरकुरलासुद्धा नाही.
बिजागरीतून मुंग्यांची आख्खी वसाहत निघाली,
पांढरी अंडी तोंडात धरून
माझ्या मनगटावरून उतरून गेली.

साहेबांचं पत्रक आदल्या दिवशी आलं होतं:
चुन्याची वर्तुळं काढा, सहा फुटांवर एक,
दर माणसाच्या कपाळाचं तापमान लिहा,
एका जीपमध्ये तिघे, जास्त नकोत.
मी आणि शाणू वेळीपने वर्तुळं काढली,
त्याची चंद्रासारखी, माझी भाकरीसारखी.
रात्री दव पडलं, चुना ओला झाला,
आणि सकाळी पिवळी फुलपाखरं येऊन
एकाच वर्तुळात तीस-चाळीस
खांद्याला खांदा लावून बसली.
त्यांना कोण सांगणार.

तापाचं पिस्तूल सगळ्यांना चौतीसच दाखवत होतं.
बिरो वरक, दूध घालायला निघालेला धनगर,
त्याच्यावर रोखलं तर त्याने हात वर केले,
किटली डोक्यावर धरून म्हणाला,
गोळी घालायची तर घाल, पण दूध सांडू देऊ नको.
त्याचेही चौतीस.

मधल्या काळात वही कोरी ठेवणं
मला जमलं नव्हतं.
सरकारी वही, आखलेले रकाने:
नाव, गाव, माणसं किती, वाहन क्रमांक, येण्याचं कारण,
आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ.
एप्रिलात रात्रपाळीला मी लिहीत गेलो:
गवे, पाच, शिवाय एक वासरू. वाहन नाही. पहाटे चार.
साळिंदर. एकटं. घाईत.
बिबट्या. तिकिटाच्या खिडकीखाली बसला,
काही मागितलं नाही.
बाहेर पडल्याची वेळ: लागू नाही.
आत कुठलं आणि बाहेर कुठलं
हे त्या दिवसांत मलाच धड सांगता आलं नसतं.
नोकरी जाईल म्हणून शाणूने
ती पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली.

पहिल्या दिवशी नऊ माणसं.
दोघं वास्कोची, मास्क लावूनच फोटो काढणारी.
फोंड्याचं सहाजणांचं कुटुंब, त्यातला पोरगा विचारी,
बंद होतं तेव्हा दूधसागर पडत होता का?
मी म्हटलं, हो. रोज.
नववी बाई कुडचड्याची, ब्रिजिदा बार्रेटो,
बसने आली, एकटी.
तिला आत जायचं नव्हतं.
म्हणाली, मार्चचं पान दाखव.

हातमोजा घालून पानं उलटली.
चौदा मार्च, तिसरी ओळ.
कायतान बार्रेटो, रेल्वेतून निवृत्त.
येण्याचं कारण: ककणेर.
आत शिरल्याची वेळ सहा पंचेचाळीस.
पुढचा रकाना कोरा.

तिने कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.
जेवायला घरी आला होता, म्हणाली,
सुंगटांची कढी होती, दोनदा भात घेतला.
ऑगस्टात मडगावला इस्पितळात नेला.
पेटी उघडायची नाही म्हणाले.

मी पेन पुढे केलं, सॅनिटायझर मारलेलं.
वेळ लिहा हवी तर, नियमात बसतं.
तिने टोपण काढलं,
किती तरी वेळ वर्तुळात उभी राहिली,
फुलपाखरं तिच्या चपलांवर चढली.
मग टोपण लावून म्हणाली,
आसूं दी.

पावती मात्र फाडायला लावली.
म्हटलं, तुम्ही आत गेलाच नाहीत, पावती कसली?
ती सुटे पैसे मोजत राहिली,
खिडकीवर एकेक नाणं,
आणि साडेअकराची बस पकडायला रस्ता ओलांडून गेली.

महिन्याभराने साहेब वही तपासायला आले.
चौदा मार्चपाशी थांबले.
इथे एक माणूस आतच राहिलाय, हिशेब लागत नाही.
म्हटलं, पावसात शाई धुतली गेली असेल, साहेब.
मार्चात पाऊस?
आमच्याकडे पडतो कधीकधी.

त्यांनी पान उलटलं.
पुढच्या चिकटलेल्या पानांच्या जाड कडेवरून
अंगठा फिरवत राहिले.
नख घातलं नाही.