कारण : इतर

काराकोलच्या पर्यटन महाविद्यालयात
तळमजल्यावर बारा संगणक आहेत,
चालतात नऊ,
आणि मुलं एकवीस.
जानेवारीत कीबोर्ड इतके गार
की पोरं आधी बोटांवर फुंकर घालतात,
मग पासवर्ड.

मी बुरुलकान. सरोवरकाठच्या आरोग्यधामात
अठरा वर्षं किल्ल्यांच्या फळीसमोर उभी होते.
किल्ली खिळ्यावर, तर पाहुणा बाहेर.
खिळा रिकामा, तर पाहुणा आत.
एवढं एकच सॉफ्टवेअर मला येत होतं
आणि ते कधी हँग झालं नाही.

आता तेच शिकवते, रंगांत :
हिरवी रिकामी, लाल भरलेली,
पिवळी म्हणजे चादरी बदलायच्यात.
एकच खाट दोघांना विकली तर काय होतं
ते फळ्यावर लिहीत नाही,
एल्दियारला आणि अयपेरीला एका खुर्चीवर बसवते.
वर्ग हसतो. ओव्हरबुकिंग जन्मभर लक्षात राहतं.

सरावाला खोटं हॉटेल नको, म्हटलं,
आपापलं घरच भरा.
इथे उन्हाळ्यात कुणाच्या घरी पाहुणे नसतात?
कुणी तीन खोल्या भरल्या, कुणी दोन युर्त,
एकानं बापाची चार घोडी
'जुळ्या खाटा' म्हणून नोंदवली,
कारण यादीत घोडं नव्हतं.

सेझिमनं पाच खोल्या भरल्या.
चार हिरव्या.
पाचवी करडी : विक्रीस बंद.
कारण सांगितल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही :
दुरुस्ती, रंगकाम, ढेकूण, इतर.
तिनं 'इतर' निवडलं.
कधीपासून? गेल्या वर्षीचा मार्च.
कधीपर्यंत?
तिथे कर्सर लुकलुकत राहिला
तास संपेस्तोवर.

त्या दिवशी मला सूत्र शिकवायचं होतं,
भरलेल्या खोल्या भागिले असलेल्या खोल्या.
बंद खोली असलेल्यांत धरायची का,
पोरांनी विचारलं.
उद्या सांगते, म्हणाले.
सांगितलं नाही.

थोरला भाऊ मॉस्कोत टॅक्सी चालवतो,
हे जिन्यात कळलं.
येतो म्हणतो.
आई दर शनिवारी त्या खोलीतली शेगडी पेटवते.

एप्रिलात आम्ही सरावाचं खरं केलं,
घरं साइटवर चढवली.
मे महिन्यात सेझिमची आई आली.
डोक्याला रुमाल, पिशवीत जर्दाळूचा मुरंबा.
पोरगी म्हणते, कुलूप यंत्रात आहे.
मला दाखवा कुठे.

मी माऊस तिच्या हाताखाली सरकवला.
तिनं तो उचलला, उलटा केला,
पोटातला लाल दिवा पाहून चपापली
आणि हळूच खाली ठेवला, अंड्यासारखा.
आई, मी करते, सेझिम म्हणाली.
नको.
बाण भरकटला, कडेला जाऊन नाहीसा झाला,
तिसऱ्या खेपेला चौकटीवर आला.
टिचकी.
करड्याचं हिरवं झालं.

इतकंच? ती म्हणाली.
मला वाटलं होतं, करकरेल.

अकरा मिनिटांत आरक्षण आलं :
ल्योनहून दोघं, जुलैतले चार दिवस,
खिडकीजवळची खाट मिळेल का?
यंत्र टिंग वाजलं तशी ती खुर्चीतून उठली,
दारात कुणी आल्यासारखी.
मग रुमाल सारखा करत बसली.
त्याचे बूट हलवायला हवेत, म्हणाली.
आणि खिडकीशी वारा लागतो,
हे यांना कळवायचं कसं?

उत्तरं लिहिण्याचा धडा जूनमध्ये होता.
मी तो तेव्हाच घेतला.
सेझिम टंकत होती, आई सांगत होती,
मधेच थांबून, पडद्याकडे न पाहता :
खाट मिळेल.
रात्री वारा लागतो. दोन रजया ठेवते.
एक जुनी आहे,
पण उबदार.